औषध दिलं, पण जंत मेले का?

आमच्या तबेल्यात जंताचं औषध द्यायचा दिवस ठरलेला असायचा. दर तिसऱ्या महिन्याची अमावास्या. लक्षात राहायला सोपं म्हणून आजोबांनी तो लावून दिला आणि बाबांनी तो कधी चुकवला नाही. संध्याकाळी घोडी दस्तुरी नाक्यावरून परत आली, खोगिरं उतरली, खरारा झाला, की बाबा दीड ग्रॅमच्या मोठ्या गोळ्या खलबत्त्यात कुटायचे, गूळ आणि चोकरात कालवायचे आणि एकेकाच्या तोबऱ्यात घालायचे. लहान घोडं असो की मोठं, प्रत्येकाला एक गोळी. गोळीत फेनबेंडाझोल असायचं. माझ्या आठवणीत दुसरं औषध आमच्या घरात आलेलं नाही.

माथेरानमध्ये मोटारी चालत नाहीत. नाक्याच्या पुढे माणूस आणि सामान बहुतेक पायी नाहीतर घोड्यावर हलतं. आमच्या तीन पिढ्या त्यावर जगल्या. नऊ घोडी आहेत, आणि दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यानंतर त्यातलं राजा नावाचं घोडं खंगायला लागलं. बरगड्या दिसू लागल्या, केस उभे राहिले, लीद सैल. चंदी पुढे ठेवली की तोंड लावायचा आणि निम्मी सांडायचा. बाबा म्हणाले, "जंत झालेत. अमावास्येची वाट नको बघायला, आत्ताच गोळी देऊ."

मी प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी केलेलं. तिसऱ्या वर्षाला परजीवींचा अख्खा पेपर होता आणि घोड्यातल्या जंतांची चित्रं मी परीक्षेत काढून मार्क मिळवले होते. पण आपल्याच घोड्याच्या लिदीत ते आहेत की नाहीत हे मी कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी मी बाबांना म्हटलं, "गोळी देण्याआधी एकदा मोजू या. आणि पंधरा दिवसांनी परत मोजू." बाबांनी विचारलं, "जंत मोजायचे कसे, आतडं उघडून?" प्रश्न बरोबर होता. जंत मोजता येत नाहीत. त्यांची अंडी मोजता येतात.

महिन्यातून एकदा घोडी तपासायला वर येणाऱ्या पशुवैद्यक डॉक्टर मॅडमना फोन केला. त्यांनी पहिलं सांगितलं ते असं की एका घोड्यावरून काही ठरत नाही, निदान सहा घोडी हवीत. नऊच्या नऊ मोजायची ठरली. कॉलेजच्या सरांनी प्रयोगशाळेतला एक जुना सूक्ष्मदर्शक नेऊ दिला आणि अंडी मोजायला रेघा आखलेली मॅकमास्टरची काचपट्टी मी मागवून घेतली. आईने बजावलं की लीद स्वयंपाकघरात येता कामा नये, म्हणून पडवीत टेबल मांडलं.

लीद गोळा करण्याचंही तंत्र आहे, आणि माझे पहिले दोन दिवस त्यातच वाया गेले. नाक्यावर उन्हात पडलेली लीद मी दुपारी उचलून आणली होती. मॅडम म्हणाल्या, ती टाकून दे. उबेत अंडी फुटतात, अळ्या बाहेर येतात आणि आकडा खोटा निघतो. मग पहाटे पाचला तबेल्यात बसायला लागले. घोडं लीद टाकतं तोच मधल्या दोन-तीन गोळ्या उचलायच्या, मातीला टेकलेला भाग सोडायचा, पिशवीत घालून हवा दाबून काढायची, नाव आणि तारीख लिहायची आणि तपासेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात मात्र नाही. फ्रिज घरातला चालणार नव्हता हे उघड आहे. शेजारच्या चाचांचा सरबताचा जुना फ्रिज पडून होता, तो त्यांनी दिला.

मोजायची रीत लिहून ठेवते, कारण ती कुणालाही जमण्यासारखी आहे. पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घालायचं. चार ग्रॅम लीद काट्यावर तोलून त्यातल्या ५६ मिलिलिटर पाण्यात कालवायची आणि चहाच्या गाळणीने गाळायची. मीठपाणी जड असतं, त्यामुळे अंडी वर तरंगतात. ड्रॉपरने ते पाणी काचपट्टीच्या दोन्ही खणांत भरायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि खणांवरच्या रेघांच्या आत दिसतील तेवढी अंडी मोजायची. दोन्ही खणांची बेरीज गुणिले ५० म्हणजे एका ग्रॅम लिदीत किती अंडी ते. काचेखाली एक अंडं दिसलं की ग्रॅमला ५० धरायची.

पहिलं अंडं मला राजाच्या लिदीत दिसलं. गवताचे तुकडे, हवेचे काळ्या काठाचे बुडबुडे आणि त्यांच्यामध्ये एक लांबट, पातळ कवचाचं, काचेसारखं स्वच्छ अंडं. आत पेशींचा घोस, द्राक्षाच्या आवळलेल्या घडासारखा. पुस्तकातल्या चित्रासारखं हुबेहूब. काचपट्टी जराशी सरकवली तर दुसरं. मग तीन एकत्र. मी बाबांना हाक मारली. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हे सगळं त्याच्या पोटात?" मी म्हटलं, "हे चिमूटभर लिदीतलं."

नऊ घोड्यांचे आकडे असे आले: राजा ११५०, राणी ९५०, चांदणी ८५०, तुफान ६००, मोती ४००, शेरा ३५०, बादल १००, बिजली ५० आणि सोनीच्या लिदीत एकही नाही. एकाच छपराखाली, एकच गवत, एकच चंदी, एकाच दिवशी औषध, आणि तरी एवढा फरक. मॅडमना याचं नवल वाटलं नाही. कुठल्याही तबेल्यात थोडी घोडी बहुतेक अंडी टाकतात, म्हणाल्या. साधारण वीस टक्के घोड्यांकडून ऐंशी टक्के अंडी. आमच्या नऊ जणांची बेरीज ४४५० होती आणि त्यातली २९५० एकट्या राजा, राणी आणि चांदणीची.

मला धक्का बसला तो राणीच्या आकड्याचा. राणी आमच्याकडचं सगळ्यात गुबगुबीत जनावर, पाठीवर हात फिरवला तर घसरावा अशी तिची कातडी. तिच्यात ९५० आणि ती ठणठणीत. हडकलेला राजा तिच्यापेक्षा फार पुढे नव्हता. मॅडमनी राजाचं तोंड उघडायला लावलं, आत टॉर्च मारला आणि बोटाने दाखवलं. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा सुरीसारख्या धारदार होऊन गालाला जखमा झाल्या होत्या. चंदी सांडत होती ती त्यामुळे. त्यांनी कानस लावून दाढा घासून दिल्या आणि राजा आठवड्याभरात नीट चावू लागला. त्याच्या पोटात जंत होतेच, पण त्याला वाळवलं होतं ते दातांनी. तिथून पुढे मी "वाळलंय म्हणजे जंत" असं म्हणणं सोडून दिलं.

मग बाबांनी नेहमीप्रमाणे गोळ्या दिल्या. मी मुद्दामच त्यांच्या पद्धतीत काही बदलू दिलं नाही. चौदाव्या दिवशी पुन्हा पहाटे पाच, पुन्हा पिशव्या. हिशेबात आम्ही सहाच घोडी धरली, कारण ज्यांच्यात मुळातच ५०-१०० अंडी आहेत त्यांचं कमी झालं की वाढलं हे सांगता येत नाही. सहांची आधीची बेरीज ४३००. औषधानंतरची २९००. म्हणजे घट ३३ टक्क्यांच्या आसपास.

मी तीन वेळा बेरीज करून बघितली. अमेरिकेतल्या घोड्यांच्या पशुवैद्यांच्या संघटनेने घालून दिलेल्या निकषाप्रमाणे फेनबेंडाझोलने नव्वद टक्क्यांपेक्षा कमी घट झाली तर जंत त्या औषधाला दाद देत नाहीत असं समजायचं. आमच्याकडे नव्वद सोडा, निम्मंही नव्हतं. बाबा काही बोलले नाहीत. वर्षातून चार वेळा, इतकी वर्षं, पदरचे पैसे घालून त्यांनी हे औषध निष्ठेने दिलं होतं. तो कागद त्यांच्यापुढे ठेवताना मला फार जड गेलं.

मॅडम म्हणाल्या, एवढ्यावर औषधाला नावं ठेवू नकोस. आधी डोस पुरता गेला का ते बघ. तोबऱ्यात गोळीचा चुरा तळाला राहतो का? राहायचा. आणि घोड्याचं वजन किती धरलं होतं? बाबांच्या नजरेने राजा दोनशे किलोचा होता. वजनकाटा आमच्याकडे कुठून येणार, पण शिंप्याची टेप होती. छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागून मोजायचा, लांबी खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि त्याला ११,८८० ने भागायचं. राजाचा घेर १५२, लांबी १४८. उत्तर आलं २८८ किलो. दर किलोला साडेसात मिलिग्रॅम या हिशेबाने त्याला २१६० मिलिग्रॅम औषध हवं होतं आणि आम्ही देत होतो १५००, तेही सांडून. डोळ्याने केलेला अंदाज बहुतेक वेळा कमीच भरतो असं मॅडमचं म्हणणं. अर्धवट डोस नुसता वाया जात नाही. त्यातून जे जंत थोडेफार तग धरणारे असतात तेवढे वाचतात आणि पुढची पिढी त्यांची होते.

दिवाळीची गर्दी ओसरल्यावर दुसरी फेरी केली. या वेळी पातळ औषध, वजनाप्रमाणे सिरिंजमध्ये मोजून. राजाला साडेएकवीस मिलिलिटर. तोंडात घास नाही याची खात्री करायची, सिरिंज ओठाच्या कोपऱ्यातून जिभेच्या मागच्या भागापर्यंत न्यायची, दाबायची आणि गिळेपर्यंत हनुवटी वर धरून ठेवायची. तुफानने पहिल्यांदा सगळं माझ्या अंगावर उडवलं, त्याला पुन्हा भरून दिलं. आधीची बेरीज ३८५०, चौदा दिवसांनी १८००. घट ५३ टक्के.

आता मात्र शंका उरली नाही. डोस पुरता होता, पोटात गेला होता, आणि निम्म्याच्या आसपास अंडी तशीच येत होती.

त्या महिन्यात मी याबद्दल मिळेल ते वाचून काढलं, आणि बाबांचा तीन महिन्यांचा नेम कुठून आला असावा याचाही धागा लागला. १९६६ साली अमेरिकेत केंटकीच्या ड्रज आणि लायन्स या संशोधकांनी सुचवलं होतं की सगळ्या घोड्यांना दर सहा ते आठ आठवड्यांनी औषध द्यावं. त्यांचं लक्ष्य होतं स्ट्राँगायलस व्हल्गॅरिस हा जंत. त्याच्या अळ्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीत शिरतात, तिथे गुठळ्या होतात आणि घोडं पोटशुळाने जातं. तेव्हा नवं आलेलं थायाबेंडाझोल, म्हणजे फेनबेंडाझोलचंच थोरलं भावंड, त्यावर चांगलं चाललं आणि तो जंत पुष्कळ ठिकाणी दुर्मीळ झाला. त्या वेळेला ते योग्यच होतं. पण त्याच आतड्यात लहान स्ट्राँगाइल असतात, सायाथोस्टोमिन, त्यांच्या पन्नासेक जाती आहेत. वर्षानुवर्षं सगळ्यांना तेच औषध मिळत गेलं आणि हे लहान जंत त्याला सरावले. आज जगात जिथे जिथे तपासलं तिथे बहुतेक ठिकाणी फेनबेंडाझोलच्या कुळातल्या औषधांना ते दाद देत नाहीत. कारणही कळलेलं आहे. ही औषधं जंताच्या पेशीतल्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटून त्याची कामं बंद पाडतात. सरावलेल्या जंतांत ते प्रथिन जरासं बदललेलं असतं आणि औषध नीट चिकटत नाही. औषध खोटं नाही, पातळ केलेलं नाही, मुदत संपलेली नाही. कुलूप बदललं आहे आणि आपण जुनीच किल्ली फिरवतोय, एवढंच मी बाबांना सांगितलं.

आजोबांच्या पिढीतल्या एकदोघांनी पळसपापडी आणि वावडिंग द्यायचा आग्रह धरला. त्यांचा मान ठेवायचा होता आणि मलाही जाणून घ्यायचं होतं. मोती आणि शेरा या दोघांना मॅडमना विचारून गुळातून दिलं. पंधरा दिवसांनी मोजलं तर आकडे होते तिथेच. दोन घोड्यांवरून या वनस्पतींबद्दल निवाडा करणं बरोबर नाही, पण आमच्या तबेल्याची भिस्त त्यांच्यावर ठेवण्याजोगं काही मला दिसलं नाही.

तेवढ्यात डिसेंबर आला. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा असते, तापीच्या काठी, आणि घोड्यांचा मोठा बाजार भरतो. बाबा आणि दादा तिथून एक शिंगरू घेऊन आले, नऊ-दहा महिन्यांची तांबडी घोडी. विकणाऱ्याने सांगितलं होतं की जंताचं औषध, आयव्हरमेक्टिन, नुकतंच पाजलंय. पोट मात्र घागरीसारखं आणि अधूनमधून खोकला. मी तिला वेगळी बांधायला लावली आणि दुसऱ्याच पहाटे लीद घेतली.

काचेखाली जे दिसलं ते आधी बघितलेल्या अंड्यांसारखं नव्हतं. गोल, तपकिरी, जाड खडबडीत कवचाची, चिकूच्या सालीसारखी. ही पॅरास्कॅरिसची अंडी, शिंगरांतला मोठा गोलकृमी. हा जंत वीतभर आणि त्याहूनही लांब वाढतो, अळ्या यकृत आणि फुप्फुसांतून फिरून येतात म्हणून खोकला. अंडी जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात. मोठ्या घोड्यांना त्याचा फारसा त्रास नसतो, वर्षभराच्या आत-बाहेर त्यांच्यात प्रतिकारशक्ती येते. मी ५० ने गुणून मॅडमना आकडा कळवला तेव्हा त्यांनी पहिलं वाक्य बोललं ते असं: "घाईने काही पाजू नकोस."

गंमत अशी की इथे सगळं उलटं होतं. आयव्हरमेक्टिनला हाच जंत सरावलेला असतो. २००२ साली नेदरलँड्समधून तशी पहिली नोंद आली आणि पुढे अनेक देशांतून. आमच्या शिंगराला ते खरोखर पाजलं होतं की नाही हे मी सांगू शकत नाही, पण पाजलं असेल तर लागू पडलेलं नव्हतं. आणि मोठ्या घोड्यांत हरलेलं फेनबेंडाझोल शिंगराच्या या जंतावर अजून बऱ्याच ठिकाणी चालतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. काही औषधं जंताला एकदम लुळं पाडतात. पोट जंतांनी गच्च भरलेलं असेल तर ते सगळे एकाच वेळी सुटतात, लहान आतड्यात बोळा अडकतो आणि शिंगरू दगावू शकतं. फेनबेंडाझोल सावकाश मारतं. मॅडमनी दर किलोला दहा मिलिग्रॅम या मापाने ते दिलं आणि दोन दिवस पोटावर कान लावून बसायला सांगितलं. मी आणि दादा आळीपाळीने जागलो. दुसऱ्या रात्री लिदीबरोबर पांढरे, जाड, पेन्सिलीएवढे जंत पडायला लागले. चाचा कंदील घेऊन आले आणि बराच वेळ गप्प उभे राहिले. चौदा दिवसांनी तिच्या काचेखाली एकही तपकिरी अंडं नव्हतं. तिचं नाव तोपर्यंत ठेवलं नव्हतं. आईने तिला तांबोळी म्हणायला सुरुवात केली.

जानेवारीत मोठ्या सहा घोड्यांना आयव्हरमेक्टिन द्यायचं ठरलं. दर किलोला ०.२ मिलिग्रॅम, घोड्यांसाठीची पेस्ट, तोंडातून. हे ठळक सांगते, कारण आमच्या आसपास गाईबैलांचं इंजेक्शन स्वस्त पडतं म्हणून घोड्याला टोचलेलं मी पाहिलं आहे. मॅडमनी स्पष्ट सांगितलं की घोड्याच्या स्नायूत ते टोचू नये. गाठ येते, आणि क्वचित तिथे असा जंतुसंसर्ग होतो की घोडं वाचत नाही.

या वेळच्या सकाळी बाबा माझ्या आधी तबेल्यात होते. पिशव्यांवर नावं त्यांनीच लिहिली होती. सहांची आधीची बेरीज ३५५०. चौदा दिवसांनी राजा शून्य, राणी शून्य, चांदणी शून्य. तुफानच्या काचेवर एक बुडबुडा बघून माझा श्वास अडकला, पण तो बुडबुडाच होता. मोती आणि शेराही शून्य. बाबांनी प्रत्येक काचपट्टी स्वतः बघितली. रेघांच्या आत नुसते गवताचे धागे. ते म्हणाले, "एवढं रिकामं बघून कधी एवढं बरं वाटलं नव्हतं."

मी तिथे थांबले नाही. औषध चाललं की नाही हे कळायला चौदावा दिवस पुरतो, पण ते किती चाललं याचा अंदाज पुढच्या आठवड्यांत येतो. अंडी पुन्हा किती आठवड्यांनी दिसायला लागतात हे बघायचं असतं. आयव्हरमेक्टिन नवं असताना, १९८० च्या दशकात, ती आठ आठवड्यांच्या आत परतत नसत. आता ठिकठिकाणी चार-पाच आठवड्यांत परततात, आणि ही औषध हरायला लागल्याची पहिली खूण मानतात. मी चौथ्या आठवड्यापासून दर सोमवारी मोजलं. चौथा, सगळे शून्य. पाचवा, शून्य. सहाव्याला राजा १००, राणी ५०.

मॅडम म्हणाल्या, घाबरण्यासारखं नाही, पण वहीत लाल पेनने लिहून ठेव. मोठ्या घोड्यांच्या या जंतांवर आपल्या हातात औषधं मोजकीच आहेत. पायरँटेल आहे, आयव्हरमेक्टिनच्याच कुळातलं मॉक्सिडेक्टिन आहे. कोपऱ्यात नवं काही तयार होऊन बसलेलं नाही.

बाबांशी माझा खरा वाद झाला तो यानंतर. ते म्हणाले, "आता औषध सापडलं ना, मग नऊच्या नऊ घोड्यांना देऊन टाकू, दर अमावास्येला. एकदाचं मूळच उपटू." मी म्हटलं, सोनी, बिजली आणि बादल यांना द्यायचंच नाही. त्यांना ते पटेना. आपल्याच तबेल्यातल्या जनावराच्या पोटात जंत आहेत हे माहीत असून सोडून द्यायचे? मी सांगितलं ते असं. सगळ्यांना औषध दिलं तर जे वाचतील ते फक्त औषध पचवणारे. मग गवतावर बियाणं पडेल ते निव्वळ त्यांचं. पण सोनी-बिजलीच्या पोटात जे थोडे जंत आहेत त्यांनी हे नवं औषध बघितलेलंच नाही. त्यांची अंडी गवतावर पडली की राजा-राणीच्या वाचलेल्या नाठाळ जंतांत ते साधे जंत मिसळतात आणि औषधाची धार टिकते. बाबांचं बालपण खाली नेरळच्या बाजूला भातशेतीत गेलंय. बियाणं म्हटल्यावर ते जरा थांबले. मग म्हणाले, "म्हणजे सोनीच्या पोटातले आपण राखण करून ठेवायचे." शब्द त्यांचे, पण अर्थ अचूक होता.

त्यांना मी डेन्मार्कचंही सांगितलं. तिथे १९९९ पासून पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय घोड्याला जंताचं औषध मिळत नाही आणि आधी तपासणी करावी लागते. मात्र त्याचा दुसरा भागही सांगितला, कारण तो लपवणं बरं नव्हे. औषध फार आखडतं घेतल्यावर तिथे तो जुना धमनीतला जंत पुन्हा दिसू लागला. म्हणून आम्ही अगदी बंद केलेलं नाही. पावसाळा संपल्यावर एकदा सगळ्यांना द्यायचं, आणि तेव्हा प्राझिक्वांटेलही, कारण फीतकृमीची अंडी या तपासणीत सहसा सापडत नाहीत. बाकी वेळेला फक्त ज्याचा आकडा पाचशेच्या वर त्याला. आतड्याच्या अस्तरात दडून बसलेल्या अळ्याही मोजणीत येत नाहीत, हे मी स्वतःला सारखं बजावते. काचेवरचं शून्य म्हणजे पोटातलं शून्य नव्हे.

पावसाळ्यात आमची घोडी खाली चरायला जातात. खरा गुणाकार तिथे होतो. जून-जुलैच्या उबदार ओलाव्यात लिदीतलं अंडं आठवड्याभरात चरणाऱ्याला लागण करणारी अळी होऊन गवताच्या पात्यावर चढतं. वर उन्हाळ्यात लाल मातीवर पडलेल्या अळ्या तापून मरतात, खाली त्यांना सगळं अनुकूल. म्हणून गेल्या पावसाळ्यात दादाने आणि मी आठवड्यातून दोनदा कुरणातली लीद उचलली. पाठ मोडून निघाली, पण औषधाने जेवढं होत नाही तेवढं यातून होतं असं मला आकड्यांवरून वाटतं. लीद एका जागी रचून ढीग करायचा. आत हात घालवत नाही इतका तो तापतो, आणि त्या उष्णतेत अंडी-अळ्या मरतात. ताजी लीद शेतात पसरायची नाही. गवत जमिनीवर टाकायचं नाही, चंदी तोबऱ्यातच.

आणखी एक गोष्ट मी कुठे वाचण्याआधी जंगलात बघितली होती. शार्लोट तलावाच्या वाटेवर पावसाळ्याच्या तोंडाला लिदीच्या गोळ्या लोटत नेणारे काळे शेणकिडे असतात, लहानपणी आम्ही त्यांच्या मागे जायचो. आयव्हरमेक्टिन दिलेल्या घोड्याच्या लिदीतून औषधाचा अंश काही दिवस उतरत राहतो आणि त्यांच्या अळ्यांना तो मारक ठरतो. त्यामुळे औषध दिल्यावर पहिला आठवडा आम्ही त्या घोड्याची लीद वेगळी उचलून ढिगात टाकतो, वाटेवर राहू देत नाही. ज्या किड्यांनी लीद आपण होऊन जमिनीत पुरावी त्यांनाच मारून कसं चालेल?

या ऑक्टोबरला मी पुन्हा नऊ घोडी मोजली. राजा ६५०, राणी ६००, चांदणी ३००, तुफान २५०, बाकीचे दोनशेच्या खाली, सोनी यंदाही शून्य. तांबोळीच्या काचेखाली गोल तपकिरी काही नाही, मात्र लांबट पातळ कवचाची अंडी आता तिच्यातही आली आहेत, ग्रॅमला २००. गेल्या सोमवारी चाचांनी त्यांच्या चौदा घोड्यांच्या पिशव्या आणून पडवीत ठेवल्या, प्रत्येकीवर त्यांच्या नातीच्या अक्षरात नाव आणि तारीख. दोन पिशव्यांत हवा राहिली होती. त्या परत पाठवल्या आहेत, उद्या पहाटे पाचला नव्या येतील.